बेथेस्डा ४ : अर्धी थायरॉइड काढायची की पूर्ण?

शर्वरी_म

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मान दुखते म्हणून एमआरआय केला. मानेत फारसं काही निघालं नाही, पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत 'थायरॉइडच्या उजव्या भागात गाठ दिसते, सोनोग्राफी करून घ्यावी' असं लिहून आलं. सोनोग्राफी केली. २.६ सेंमीची भरीव गाठ, टायरॅड्स (सोनोग्राफीवरून ठरवायची संशयाची श्रेणी) ४. डावी बाजू स्वच्छ, टीएसएच (थायरॉइडच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल. मला स्वतःला काहीही त्रास नाही, हात लावून बघितलं तरी गाठ लागत नाही. मग सुईची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला 'बेथेस्डा कॅटेगरी ४, फॉलिक्युलर निओप्लाझम'. (बेथेस्डा म्हणजे सुईच्या रिपोर्टची १ ते ६ अशी श्रेणी.)

एका सर्जनचं म्हणणं, पूर्ण थायरॉइड काढून टाका, एकदाच काय तो सोक्षमोक्ष. दुसऱ्या म्हणाल्या उजवा अर्धाच काढू, तो तपासू आणि मग पुढचं ठरवू. एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे गेले तर ते म्हणाले दोघांचंही बरोबर आहे!! म्हणजे मी जिथे होते तिथेच.

मला पडलेले प्रश्न : सुई घालून पेशी काढल्या, मायक्रोस्कोपखाली बघितल्या, तरी कॅन्सर आहे की नाही हे सांगता येत नाही, हे कसं काय? अर्धी की पूर्ण? आणि नुसतंच लक्ष ठेवत थांबलं तर? वय ४१, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर नाही, मानेला कधी रेडिएशन नाही. ज्यांनी यातून गेलंय त्यांनी जरूर लिहा.

नाईलाज

तीन डॉक्टर आणि मतं दोनच? नशीबवान आहात.

(हलके घ्या. काळजी घ्या.)

पूर्वा_०७

शर्वरी, मी यातून गेलेय, सेम टू सेम बेथेस्डा ४, फक्त डावी बाजू. अर्धी काढली. फायनल बायॉप्सीत फॉलिक्युलर अडिनोमा निघाला, म्हणजे साधी गाठ. सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

जुना_खोडरबर

मान दुखते म्हणून एमआरआय आणि निघाली थायरॉइड. हल्ली हे फार झालंय. सोनोग्राफी बारकाईने केली तर भल्या चंग्या माणसांतही निदान पाचातल्या एकाला गाठ सापडते, काही पाहण्यांत तर निम्म्याहून जास्त लोकांत. बहुतेक निरुपद्रवी. दक्षिण कोरियाचं उदाहरण बघा. तिथे कॅन्सर तपासणीच्या पॅकेजमध्ये थायरॉइडची सोनोग्राफी जोडून मिळायला लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या तुलनेत १५ पट झालं. मृत्यू? जेवढे होते तेवढेच. म्हणजे हजारो लोकांच्या माना विनाकारण कापल्या. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी यावर बोंब मारल्यावर ऑपरेशनं झपाट्याने कमी झाली.

तेव्हा घाई करू नका एवढंच म्हणेन. गाठ बघितली नसती तर आज सुखाने झोपला असतात.

मंदार_के

खोडरबरकाका, कोरियाचं खरं आहे पण ते इथे जसंच्या तसं चिकटवू नका. तिथे जे सापडलं ते बहुतांशी बारीक पॅपिलरी कॅन्सर (थायरॉइड कॅन्सरचा सगळ्यात नेहमीचा प्रकार), बरेचसे १ सेंमीच्या आतले. त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवायची पद्धत जपानमध्ये १९९३ पासून चालू आहे, कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये, आणि १० वर्षांत त्यातले साधारण ८ टक्केच ३ मिमी किंवा जास्त वाढले, ४ टक्क्यांच्या आसपास लोकांत मानेतल्या लिम्फ नोडमध्ये गेले. उत्तम आकडे आहेत. पण शर्वरीची गाठ २.६ ची आणि प्रश्न फॉलिक्युलर प्रकारचा. तो निराळा प्राणी. पॅपिलरी लिम्फ नोडकडे जातो, फॉलिक्युलर रक्तवाहिन्यांतून फुफ्फुसात, हाडात जातो, जर गेला तर.

शर्वरी_म

@मंदार "जर गेला तर" वाचून धडधड वाढली हो.

मंदार_के

सॉरी सॉरी. म्हणजे असलाच तर, आणि असलाच तरी फार थोड्या लोकांत. मी डॉक्टर नाही, बायकोच्या निमित्ताने झालेला अभ्यास आहे. इथे एक पॅथॉलॉजिस्ट सदस्य आहेत ना, सूक्ष्मदर्शी नावाने लिहितात, त्यांना कुणीतरी हाक मारा.

सूक्ष्मदर्शी

हाक ऐकू आली. पेशंट न बघता, स्लाइड न बघता सल्ला देणार नाही, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच खात्यातलं आहे, ते देतो.

थायरॉइडमध्ये पेशी बारीक बारीक गोल पिशव्या करून राहतात, आत कोलॉइड नावाचा द्रव असतो. या पिशव्यांना फॉलिकल म्हणतात. फॉलिक्युलर निओप्लाझम म्हणतो तेव्हा आम्हाला स्लाइडवर दिसतं ते असं : पेशींची दाटी, इवल्या इवल्या पिशव्या एकमेकींवर चढलेल्या, कोलॉइड जवळजवळ नाहीच. एवढ्यावरून ही आपोआप वाढलेली गाठ आहे हे म्हणता येतं. पण साधा अडिनोमा आणि फॉलिक्युलर कॅन्सर यांच्या पेशी एकट्या बघितल्या तर हुबेहूब सारख्या असतात. फरक पेशीत नाहीच मुळी, फरक आहे गाठीच्या आवरणात. पेशी ते आवरण भेदून बाहेर पडल्यात का, किंवा आवरणातल्या रक्तवाहिनीत शिरल्यात का, हे दिसलं तर कॅन्सर, नाही दिसलं तर अडिनोमा. सुईतून आम्हाला पेशी मिळतात, आवरण मिळत नाही. घरातली चार माणसं बाहेर बोलावून त्यांचे चेहरे कितीही न्याहाळले तरी परसातलं कुंपण तुटलंय का ते कळणार नाही, तसं.

त्यामुळे या रिपोर्टात कुणाची चूक नाही, सुई नीट मारली नाही असंही नाही. उलट नमुना पुरेसा होता म्हणून कॅटेगरी ४ देता आली. पुरेसा म्हणजे किमान ६ गट आणि प्रत्येक गटात किमान १० पेशी, तेवढ्या नसत्या तर रिपोर्ट कॅटेगरी १ आला असता, 'पुन्हा करा'.

कॅटेगरी १ ते ६ अशा आहेत : अपुरा नमुना, साधी, पेशी थोड्या विचित्र पण नक्की नाही, फॉलिक्युलर निओप्लाझम, कॅन्सरचा दाट संशय, कॅन्सर. तुमच्यासारख्यांची फरफट ३ आणि ४ मध्ये होते. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत सरासरी धोका कॅटेगरी ३ ला २२ टक्के आणि ४ ला ३० टक्के दिलाय. हे आकडे ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यावरून काढलेले, म्हणजे मुळात जास्त संशयित लोकांवरून, हेही लक्षात ठेवा.

नाईलाज

डॉक्टर, बेथेस्डा हे कोण गृहस्थ?

सूक्ष्मदर्शी

गृहस्थ नाहीत, गाव आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यात. २००७ मध्ये तिथे पॅथॉलॉजिस्ट मंडळींची परिषद भरली आणि सगळ्यांनी एकाच भाषेत रिपोर्ट द्यायचा असं ठरलं. त्याआधी एक लिहायचा 'संशयास्पद', दुसरा 'अॅटिपिकल', तिसरा नुसतंच 'कोरिलेट क्लिनिकली' (म्हणजे पेशंट बघून तुम्हीच ठरवा), आणि सर्जन आमच्या नावाने खडे फोडायचे.

इरावती

कोरिलेट क्लिनिकली :D :D आमच्या घरातल्या प्रत्येक रिपोर्टवर हे असतंच.

डॉक्टर, पण मग ऑपरेशन चालू असतानाच गाठ तपासून सांगता येत नाही का? माझ्या आत्याच्या ब्रेस्टच्या गाठीत असं केलं होतं, भूल दिलेली असतानाच रिपोर्ट आला होता.

सूक्ष्मदर्शी

त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. इथे त्याचा उपयोग फार कमी. घाईत गाठीचे एक-दोन तुकडे गोठवून कापता येतात, आवरण मात्र सगळीकडून बघावं लागतं. नेहमीच्या पद्धतीत गाठ आली की बाहेरून शाई लावतो, मग पातळ चकत्या करतो, आणि आवरणाचा भाग शक्य तितका सगळा, कितीतरी ब्लॉकमध्ये घालून, एकेक स्लाइड बघतो. कधीकधी एवढ्या सगळ्या स्लाइडमध्ये एकाच ठिकाणी आवरणातून बाहेर डोकावणारा कोंब सापडतो. तो फ्रोझनमध्ये नेमका सापडणं म्हणजे लॉटरी. शिवाय गोठवल्यावर पेशींच्या केंद्रकांची रया जाते, त्यामुळे पॅपिलरीच्या खुणाही धड दिसत नाहीत.

पूर्वा_०७

आले. तर माझा अनुभव.

मलाही एकाने पूर्ण काढा सांगितलं होतं. मी ज्यांच्याकडे शेवटी केलं त्यांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली, की तुमच्यासाठी हे ऑपरेशन म्हणजे आधी तपासणी आहे, उपचार नंतर. गाठ काय आहे हेच माहीत नाही तर चांगली बाजू कशाला काढायची?

ऑपरेशनआधी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र बघितलं, दोन्ही पडदे हलतायत ना ते. हे आवर्जून करून घ्या. दोन दिवसांत घरी. दुखलं फार नाही, घसा मात्र खवखवत होता तो म्हणे भुलीच्या नळीमुळे, आणि मान मागे ताणून ठेवलेली असते म्हणून मानेचा मागचा भाग आखडला होता, त्याचाच त्रास जास्त. आवाज पहिले काही आठवडे संध्याकाळपर्यंत थकायचा. आता काही नाही. टाक्याची रेघ मानेच्या वळीत लपली, मुद्दाम दाखवली तरच दिसते.

थायरॉइडची गोळी? मला लागली. टीएसएच हळूहळू वर सरकत गेला आणि शेवटी २५ मायक्रोग्रॅमवर गाडी थांबली. माझी अँटिबॉडी पॉझिटिव्ह होती म्हणून तशी शक्यता आधीच सांगितली होती.

मंदार_के

+१. अर्धी काढल्यावर साधारण पाचातल्या एकाला थायरॉइड कमी पडते. आधीच टीएसएच वरच्या टोकाला असेल किंवा अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल तर जास्त. पूर्ण काढली तर शंभरातल्या शंभरांना आयुष्यभर गोळी. शर्वरी, अँटी-टीपीओ केलंय का?

शर्वरी_म

नाही केलेलं. विचारते.

आर्यमान

मी जरा उलट बोलणार आहे. माझ्या मोठ्या भावाची अर्धीच काढली होती. बायॉप्सीत फॉलिक्युलर कॅन्सर आला, रक्तवाहिन्यांत शिरलेला. मग परत भरती, परत भूल, उरलेली बाजू काढली, त्यानंतर रेडिओआयोडीन (उरल्यासुरल्या थायरॉइड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन). पहिल्या ऑपरेशननंतर रिपोर्टची वाट बघण्याचे दिवस घरातल्या कुणालाही आठवायला नकोत. वहिनी अजून म्हणतात एकदाच सगळी काढली असती तर बरं झालं असतं. ज्याच्यावर येते त्याला ते ७० टक्के ३० टक्के नुसते आकडे असतात.

पूर्वा_०७

आर्यमान, वाचून वाईट वाटलं. भाऊ आता कसे आहेत?

आर्यमान

उत्तम आहे. सायकल चालवतो, आमच्यावर खेकसतो.

सूक्ष्मदर्शी

आर्यमान, तुमच्या वहिनींचं म्हणणं समजू शकतो. पण हिशोब असा मांडून बघा. कॅटेगरी ४ च्या शंभर जणांची पूर्ण थायरॉइड काढली तर साधारण सत्तर जणांची निरोगी बाजू काहीही कारण नसताना गेली. उरलेल्या तीसमध्येही सगळ्यांना दुसरं ऑपरेशन लागतंच असं नाही. आवरण जरासंच ओलांडलेला, रक्तवाहिन्यांत न शिरलेला फॉलिक्युलर कॅन्सर असेल किंवा ४ सेंमीच्या आतला शांत स्वभावाचा पॅपिलरी असेल तर बऱ्याचदा अर्धी काढणं हाच पुरेसा उपचार. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १ ते ४ सेंमीच्या, ग्रंथीबाहेर न पसरलेल्या कॅन्सरसाठी अर्धी काढणं मान्य केलं. तुमच्या भावाला लागलं कारण त्याच्यात रक्तवाहिन्या सामील होत्या. आणि दुसरं ऑपरेशन नव्या बाजूला होतं, तिथे आधी हात लागलेला नसतो, त्यामुळे लोकांना वाटतं तेवढं ते अवघड जात नाही.

आर्यमान

मान्य. तरी पण ज्यांना वाट बघणं झेपत नाही त्यांनी पूर्ण निवडली तर त्यांना मूर्खात काढू नये एवढंच.

तटस्थ_२

आर्यमानशी सहमत. पेशंटच्या मनाचं वजनही काट्यावर घालायला हवं.

गवतफुला

मी पूर्ण काढलेली बाई आहे, माझंही ऐका. माझ्या दोन्ही बाजूंना गाठी होत्या, एक ४ सेंमीच्या वर आणि बेथेस्डा ४, दुसरीकडेही संशयास्पद, शिवाय मावशीला थायरॉइडचा कॅन्सर. म्हणजे माझ्यात पूर्ण काढायला कारणं होती. शर्वरीकडे यातलं एकही दिसत नाही.

आता पूर्ण काढल्यावर काय होतं ते कुणी नीट सांगत नाही. थायरॉइडच्या पाठीला चार पॅराथायरॉइड चिकटलेल्या असतात, प्रत्येक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, कॅल्शियम सांभाळायचं काम त्यांच्याकडे. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा दुखावतो. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या, मग बोटांची टोकं, मग हात असा आपोआप आखडला की मला वाटलं झटका आला. नर्सने शिरेतून कॅल्शियम दिलं आणि पाच मिनिटांत हात मोकळा. नंतर बरेच महिने कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुरळीत होतं, थोड्यांचं कायमचं राहतं. अर्धी काढली तर दुसऱ्या बाजूच्या दोन शाबूत राहतात, हा त्रास जवळजवळ नाहीच.

आणि गोळीचं : थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम तिच्यापासून ४ तास लांब. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. सुरुवातीला दोन्ही चालू असताना माझ्या मोबाइलमध्ये दिवसभर अलार्म वाजत असायचे.

अनुराधा_सुरेल

मी गाणं शिकवते म्हणून माझा प्रश्न आवाजाचा. सगळे मोठ्या नसेबद्दल बोलतात, जी दुखावली तर आवाज बसतो. पण वरच्या पट्टीसाठी वेगळी नस असते ना? माझ्या एका विद्यार्थिनीचं ऑपरेशन झालं, बोलणं छान आहे, पण तार सप्तकात आवाज जातच नाही.

सूक्ष्मदर्शी

बरोबर. मोठी ती रिकरंट लॅरिंजियल. वरच्या टोकाला सुपीरिअर लॅरिंजियलची बाहेरची फांदी असते, ती स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूला जाते. ती दुखावली तर बोलण्यात फरक कळत नाही, उंच स्वर आणि लांबवर हाक मारणं अवघड होतं. गाणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी सर्जनला हे आधीच सांगायला हवं.

इरावती

यावरून आठवलं, अमेलिता गाली-कुर्ची नावाच्या प्रसिद्ध ऑपेरा गायिकेचं १९३५ मध्ये गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि ती नस कापली जाऊन तिचा आवाज गेला, अशी गोष्ट सर्जरीच्या वर्गात सांगतात म्हणे. नंतर काही सर्जननी जुने कागद आणि परीक्षणं चाळून हे तितकंसं खरं नसल्याचं लिहिलं, आवाज आधीपासूनच उतरत होता. पण गोष्ट काही मरत नाही.

नाईलाज

धागा थायरॉइडवरून ऑपेरात पोचला. आता फक्त क्रिकेट राहिलं.

जुना_खोडरबर

भरकटलाच आहे तर माझीही भर. 'पूर्णच काढून टाकू' हा उत्साह फार जुना आहे. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखरनी एकोणिसाव्या शतकात थायरॉइडची ऑपरेशनं इतकी सुरक्षित केली की १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं. पण सुरुवातीला ते सफाईने पूर्ण ग्रंथी काढायचे, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे पेशंट सुजट, मंद, थंडगार होत चाललेत. १८८३ मध्ये त्यांनी ते स्वतः जाहीर सांगितलं आणि पूर्ण काढणं जवळजवळ थांबवलं. तेव्हा गोळी नव्हती. आता गोळी आहे म्हणून आपण पुन्हा बिनधास्त झालोय.

मंदार_के

काका, हा प्रतिसाद आवडला. वाद नाही.

बंडोपंत

थायरॉइडच्या गोळ्या घेतल्या की गाठ आपोआप आकसते असं ऐकलं आहे. ऑपरेशन कशाला? आणि हल्ली सुई घालून गाठ जाळतात तेही आहे.

मंदार_के

पंत, गोळ्यांनी गाठ आकसवायची पद्धत पूर्वी होती, आता टीएसएच नॉर्मल असताना ते करू नका असंच सांगतात. गाठ फारशी कमी होत नाही आणि टीएसएच मुद्दाम खाली दाबल्याने हृदयाचे ठोके अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं हे मागे लागतं. जाळण्याचं म्हणजे आरएफए. ते साधी म्हणून सिद्ध झालेल्या गाठींसाठी, शक्यतो दोनदा सुईने साधी आल्यावर. कॅटेगरी ४ मध्ये जाळली तर पुरावाच जळाला, आवरण बघणार कुठे?

आता माझा मुद्दा, जो कुणी काढला नाही. जनुकीय चाचण्या. सुईतून निघालेल्याच नमुन्यावर होतात, अफर्मा आणि थायरोसेक ही त्यातली मोठी नावं. कॅन्सर नाही हे सांगण्यात त्या जास्त भरवशाच्या. थायरोसेकच्या तिसऱ्या आवृत्तीच्या अभ्यासात संवेदनशीलता (असलेला कॅन्सर पकडणं) ९४ टक्के, नेमकेपणा (नसलेल्याला नाही म्हणणं) ८२ टक्के. निगेटिव्ह आली तर उरलेला धोका ३-४ टक्क्यांवर येतो, म्हणजे साध्या गाठीइतका, आणि ऑपरेशन टळू शकतं. बायकोचं (बेथेस्डा ३) असंच टळलं, वर्षाला सोनोग्राफी चालू आहे. पॉझिटिव्ह आली तर मात्र कुठल्या जनुकात बदल आहे ते बघावं लागतं. बीआरएएफ व्ही६००ई असेल तर पॅपिलरी कॅन्सर जवळजवळ नक्की. नुसता आरएएस असेल तर अडिनोमाही असू शकतो. या चाचण्या सगळीकडे होत नाहीत, नमुना पाठवावा लागतो.

सूक्ष्मदर्शी

चांगलं लिहिलंत. कॅटेगरी ३ वाल्यांसाठी एक जोड : आधी सुई पुन्हा करणं हाच बहुतेकदा योग्य पहिला पर्याय, अर्ध्याहून जास्त लोकांत दुसऱ्या वेळी काहीतरी स्पष्ट उत्तर येतं, बऱ्याचदा साधंच. कॅटेगरी ४ मध्ये पुन्हा सुई मारून सहसा हाती काही लागत नाही. त्यापेक्षा आहेत त्याच स्लाइड दुसऱ्या, थायरॉइड रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. ३ आणि ४ मध्ये आमच्या आमच्यातच एकमत कमी असतं, हे आम्ही चारचौघांत फार बोलत नाही.

तटस्थ_२

शर्वरीताई, तिसरा प्रश्न राहिला, थांबलं तर काय. कुणीतरी उत्तर द्या बुवा.

सूक्ष्मदर्शी

थांबणं हा गुन्हा नाही. या गाठी सहसा हळू वाढतात, काही आठवडे, दोन-तीन महिने शांतपणे विचार करण्यात घालवले तर बिघडत नाही. गरोदर बायकांमध्ये तर बऱ्याचदा बाळंतपणानंतरच करतात. पण कॅटेगरी ४, भरीव, २.६ सेंमी, जनुकीय चाचणी नाही, आणि वर्षानुवर्षं नुसतं बघत राहायचं, याच्या बाजूने मला फारसं बोलता येणार नाही. खूप वय असेल, हृदय साथ देत नसेल, तर गोष्ट वेगळी.

जुना_खोडरबर

हे मीही मान्य करतो. माझा राग विनाकारण सोनोग्राफी करण्यावर आहे, झालेली गाठ दुर्लक्षा असं नाही.

शर्वरी_म

सगळ्यांचे आभार. अपडेट : स्लाइड दुसरीकडे दाखवल्या, तिथेही ४ च. अँटी-टीपीओ निगेटिव्ह. जनुकीय चाचणीचं बघितलं पण त्यासाठी पुन्हा सुई लागणार होती आणि पॉझिटिव्ह आली तरी अर्धीच काढणार असं दुसऱ्या सर्जन म्हणाल्या, मग सोडून दिलं. अर्धी काढायचं ठरलंय, त्यांच्याकडेच. पहिल्या डॉक्टरांना विचारलं होतं की वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, तर चिडले. या बाईंनी न चिडता सांगितलं, गुंतागुंतीसकट. निर्णय तिथेच झाला.

गवतफुला

तो प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. जास्त करणाऱ्यांच्या हातून नस आणि पॅराथायरॉइड कमी दुखावतात. आणि पहिल्या रात्री गळ्याशी सूज, ताण, श्वासाला अडथळा असं काहीही वाटलं तर संकोच न करता बेल दाबा. आत रक्त साठणं शंभरात एखाद्यालाच होतं, पण झालं तर घाईचं काम असतं.

अनुराधा_सुरेल

शुभेच्छा शर्वरी!

शर्वरी_म

घरी आले, ठीक आहे. आवाज घोगरा पण आहे. बायॉप्सी आली आणि आता हसू की रडू कळत नाही. अडिनोमा नाही, कॅन्सरही नाही. 'एनआयएफटीपी' लिहिलंय. ऑपरेशन करूनही मधलंच उत्तर!! सर्जन म्हणतात पुढे काही करायचं नाही, फक्त टीएसएच आणि अधूनमधून सोनोग्राफी.

नाईलाज

तुमची थायरॉइड राजकारणात असायला हवी होती, कुठल्याच बाजूला जात नाही.

सूक्ष्मदर्शी

अभिनंदन, हा चांगला रिपोर्ट आहे. पेशींची केंद्रकं पॅपिलरीसारखी दिसतात, पण गाठ पूर्ण आवरणात आणि आवरण कुठेही भेदलेलं नाही. २०१६ पर्यंत आम्ही याला पॅपिलरी कॅन्सरचाच एक प्रकार म्हणायचो आणि लोकांची पूर्ण थायरॉइड जायची, वर रेडिओआयोडीन. मग वेगवेगळ्या देशांतल्या पॅथॉलॉजिस्टनी मिळून अशा १०९ जणांच्या जुन्या केसेस तपासल्या, रेडिओआयोडीन न दिलेल्या, किमान १० वर्षं पाठपुरावा असलेल्या. एकालाही आजार परत आला नव्हता. तेव्हा नावातला कॅन्सर काढून टाकला. काढणं मात्र लागतंच, कारण आवरण बघितल्याशिवाय हे नाव देता येत नाही.

जुना_खोडरबर

नाव बदललं आणि कॅन्सर बरा झाला! वैद्यकशास्त्रातलं सगळ्यात स्वस्त औषध.

सूक्ष्मदर्शी

टोमणा आहे हे कळतंय, पण काका, हे तुमच्याच बाजूचं पाऊल आहे. उगाच केलेले उपचार त्यामुळेच कमी झाले.

जुना_खोडरबर

म्हणूनच टोमण्यावर थांबलो.

आर्यमान

शर्वरी, मनापासून आनंद झाला. पूर्ण काढली असती तर आज हळहळ वाटली असती, हे मलाही दिसतंय. वहिनींना मात्र हा धागा दाखवणार नाही.

कोरा_पाना

धागा उशिरा दिसला, नवीन सदस्य आहे. बाबांचा दुसऱ्या आजारासाठी पीईटी स्कॅन झाला, त्यात थायरॉइडमध्ये एक ठिपका चमकला. इथले ३० टक्के वगैरे आकडे त्यांनाही लागू का?

सूक्ष्मदर्शी

वेगळा विषय आहे. सगळी ग्रंथी सारखी चमकत असेल तर बहुतेक वेळा थायरॉइडची सूज असते. एकच ठिपका असेल तर साधारण तीनातल्या एकात कॅन्सर निघतो, म्हणून सोनोग्राफी आणि गाठ १ सेंमीच्या पुढे असेल तर सुई, असं सहसा करतात. पण बाबांचा मूळ आजार कुठल्या टप्प्यात आहे त्यावर सगळं अवलंबून, कधीकधी थायरॉइडकडे बघायची गरजच नसते. वेगळा धागा काढा, वय आणि मूळ निदान लिहा. इथे खाली हरवून जाईल.

कोरा_पाना

काढतो. सोनोग्राफी उद्याची आहे, रिपोर्ट आला की लिहितो.